साडूभाऊंचा माळ

साडूभाऊ,

तुमचं तेराव्याचं गोडजेवण झालं. पाव्हणेरावळे पांगले, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याला परत गेली, आणि काल दुपारी ओट्यावर एकटा बसलो असताना पहिल्यांदा तुमच्याशी भांडावंसं वाटलं. आपली बोलायची रीतच ती. तुमची बायको म्हणजे आमच्या अक्का आणि माझी बायको इंदू सख्ख्या बहिणी, म्हणून आपण साडू. नाहीतर औरंगाबादेत गुलमंडीच्या कापडदुकानात ठाण उलगडून दाखवणारा माणूस आणि करमाडचा शेतकरी, ह्यांना एकमेकांच्या तोंडी लागायचं काय कारण होतं?

तुमच्या मालकांनी पेपरात चार ओळी दिल्या. दुकानात किती वर्षं होते, मागं कोण कोण आहे, सगळं बरोबर. चित्रांचा एक शब्द नव्हता. इंदू चिडली. म्हणाली, "भावजींनी जल्मभर काय केलं ते सोडून बाकी समदं लिवलंय." मला राग नाही आला. तुम्हीच म्हणायचा ना, "किसनराव, मी चित्रं काढतो हे कुणाला सांगू नका. लोक दुकानाच्या पाट्या फुकट रंगवून मागतात."

पहिल्यांदा तुम्हाला चित्र काढताना बघितलं, तेव्हा तुम्हाला काहीतरी झालंय असंच वाटलं होतं. माझं लग्न नवं होतं. निझामावरची पोलिस ॲक्शन होऊन दहाएक वर्षं झाली असतील. म्हातारी माणसं तेव्हा वयही सांगायची ती 'ॲक्शनच्या आधी' आणि 'ॲक्शननंतर' अशीच. तुम्ही अक्कांना घेऊन उन्हाळ्यात आमच्याकडं आला होता. जेवायची वेळ झाली तर तुमचा पत्ता नाही. शोधत शोधत वावरात गेलो. माथ्यावर सूर्य, पाखरूसुद्धा सावली धरून बसलेलं, आणि तुम्ही डोक्यावर ओला पंचा टाकून ओढ्याकडच्या बांधावर मुरमात बसलेले. मांडीवर फळी. समोर एक शिळा तुकडा भाकरीचा, त्याला मुंग्या लागलेल्या.

"साडूभाऊ, काय झालं? चक्कर आली का?"

तुम्ही मान वर केली नाही. "जरा ठैरो. हलू नका. तुमची सावली पडायलीय रिंगणीवर."

मी खाली बघितलं. भुईरिंगणी. भुईला चिकटून पसरलेली, अंगभर काटे, मध्ये एक जांभळं फूल, बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्या रिंगणीचे काटे मी लहानपणापासून पायातून काढत आलो होतो.

"हे तर तण हाय!"

"तण तुमच्या वावरात. माझ्या कागदावर पीक हाय."

मग मी तुमच्या कागदात डोकावलो. त्यावर ते फूल माझ्या तळहाताएवढं होतं, आणि मागं आमचा सगळा शिवार बारीक होऊन बसलेला. आमची विहीर तर दाण्याएवढी. मला खरं सांगायचं तर अपमानच वाटला. विहीर आज्यानं खणलेली. मी म्हणालो, "विहीर एवढीशी अन् काटा एवढा?" तुम्ही म्हणालात, "काटा जवळ हाय." एवढंच. पुढं कित्येक वर्षं मी तुम्हाला त्या विहिरीवरून बोललो, आणि तुम्ही दर वेळी हेच उत्तर दिलं.

त्यानंतर दर उन्हाळ्यात दुकानाच्या सुट्टीला तुम्ही सकाळच्या यष्टीनं यायला लागलात. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात रंगांची पत्र्याची पेटी, काखेत फळी. फाट्यावर उतरलात की पोरं ओरडायची, "साडू आले!" सगळ्या गावाचेच साडू झाला होता तुम्ही. इंदू भाकरी, ठेचा, कांदा बांधून द्यायची आणि मी ते घेऊन यायचो. तुम्ही शिकलात निझामाच्या राज्यात, उर्दू शाळेत. मराठीचं राज्य आलं तोवर तुमची शाळा सुटली होती. म्हणून चित्राखाली सही उर्दूतच. आमच्या आईला ती मुंग्यांची रांग वाटायची. एकदा तिनं पदरानं पुसायलाही घेतली होती.

मी विचारायचो, "माणूस दुपारी सावलीला बसतो. सकाळी काढा, सांजच्याला काढा. उन्हात काय ठेवलंय?" दुपारी तर रंगसुद्धा तुमच्यावर रुसायचा, कागदापर्यंत जाईस्तोवर ब्रशवरच वाळून बसायचा. तुम्ही पंचा पिळून फळीवर घालायचा, कागद पुन्हा भिजवायचा, पुन्हा ते वाळायचं.

"किसनराव, सांजच्या उन्हात उकिरडाबी सोन्याचा दिसतो," तुम्ही म्हणायचा. "ते फुकटचं सोनं. दुपारी जे चांगलं दिसतं ना, ते खरंच चांगलं असतं."

तेव्हा मी म्हणालो होतो, "भाकरी खा, गार होईल," आणि आपण दोघंही हसलो होतो, कारण त्या उन्हात भाकरी गार व्हायची नव्हती.

मग ते दुष्काळाचं साल आलं. विहिरीच्या तळाला वाटीनं पाणी भरायचो. गावच्या बाया खडी फोडायला जात होत्या, आमच्या इंदूनंही ते काम केलं. आणि तशात एक दिवस तुम्ही पिशवी घेऊन उतरलात. तुम्हाला यष्टीतून उतरताना बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. फाट्यावर, चार लोकांत मी ओरडलो.

"हितं जनावराला प्यायला पाणी नाय, आन् तुम्ही रंगात घालायला आले व्हय?"

तुम्ही पिशवी खांद्यावरून खाली काढली, परत चढवली, आणि समोरून औरंगाबादकडं जाणारी गाडी आली तिच्यात बसून निघून गेलात. इंदू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या सुट्टीला तुम्ही परत आलात. मला वाटलं होतं, आता हा माणूस आयुष्यात करमाडला पाय ठेवणार नाही. पण उतरलात, आणि एका हातात झाकण घट्ट बांधलेला पत्र्याचा डबा. त्या डब्यात पाणी होतं. शहरात तरी कुठं धो धो होतं तेव्हा? नळाला धार यायची ती करंगळीएवढी, आणि तुम्ही त्यातलं भरून यष्टीत मांडीवर धरून आणलं होतं. हिंदकळून तुमचं धोतर भिजलं होतं. इंदूच्या हातात डबा देऊन म्हणालात, "इंदू, ह्यातलं वाटीभर मला दे. बाकीचं तुमचं."

त्या उन्हाळ्यात तुम्ही दर सुट्टीला डबा आणला. अक्का तिकडं कपाळावर हात मारून घ्यायच्या, हे मला नंतर कळलं. "नळाला पाणी येतं ते हेवढंसं, आन् हा बाबा ते करमाडला न्यायलाय," असं त्या शेजारणींना सांगायच्या. पण डबा घासून त्याच ठेवायच्या. आणि तुम्ही त्या वाटीभर पाण्यात पळस रंगवलात. पाऊस नाही, चारा नाही, पानं नाहीत, आणि ओढ्याकाठचा पळस मात्र दर सालासारखाच पेटलेला. मी तुमच्या शेजारी बसून तो पहिल्यांदा नीट बघितला. त्याआधी पळस म्हणजे माझ्यासाठी पत्रावळीची पानं, बस. वाटीतलं उरलेलं केशरी पाणी तुम्ही पळसाच्याच बुडाशी ओतलंत. म्हणालात, "ह्याचं ह्याला परत." फाट्यावर मी जे बोललो होतो त्याचा विषय तुम्ही कधीच काढला नाहीत, आणि मीही नाही. गरज पडली नाही.

आपलं खरं भांडण झालं ते पाऊसपाणी चांगलं झाल्यावर. ओढ्याकडच्या पट्टीत पिवळा धोत्रा माजला होता. काटेरी रोप आणि वर पिवळी धमक फुलं, कागदाच्या झिरमिळ्यांसारखी. तुम्ही ती पट्टी अर्धी काढून ठेवली होती आणि पुढच्या खेपेला पुरी करणार होता. मी आदल्या दिवशीच निरोप धाडला की बी धरायच्या आत मला वखर घालायचाय, नाहीतर सालभर निस्तरावं लागेल. तुम्ही निरोप मिळाल्या मिळाल्या दुकान सोडून आलात. मालकाला काय थाप मारली देव जाणे.

"आठ दिवस थांबा."

"आठ दिवसांत बी पडंल, साडूभाऊ. तुम्ही काय निंदायला येणार हाय का?"

"येतो."

"तुम्ही? तुमाला खुरपं धरता येतं का?"

"नाय येत. शिकवा."

मी बैल जुंपले होते. तुम्ही पट्टीच्या तोंडाला उभे. बैल तुमच्याकडं बघतायत, मी तुमच्याकडं बघतोय. कुणी बघणारा असता तर म्हणाला असता, ह्या दोघांनी धोत्र्याचं बी खाल्लंय. शेवटी इंदू आली. तिनं आधी माझ्याकडं, मग तुमच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अवो, त्या वरच्या माळाला काय पिकतंय का? समदा मुरूम. तेवढा तुकडा भावजींना देऊन टाका. तिथं नांगर घालायचा नाय आन् ह्यांनी हितं आडवं यायचं नाय."

झाला निवाडा. कागद नाही, साक्षीदार नाही. मी त्याच दिवशी पट्टी वखरली आणि तुम्ही अर्धं चित्र तसंच ठेवलंत. ते अर्धंच राहिलं. पण माळ तुमचा झाला. गावानं त्याला नाव दिलं, 'साडूचा माळ.' आता तर नवी पोरंही तेच म्हणतात, कोण साडू ते त्यांना ठाऊक नसलं तरी.

काय होतं त्या माळावर? तरवडाची झुडपं, दोन रुया, हिवराचं एक वाकडं झाड, रिंगणी, आणि उरलेला सगळा मुरूम. पण तुम्हाला ते पुरलं. तुम्ही फुलांची नावं क्वचितच घ्यायचा, रंगांची घ्यायचा, तीही दुकानातली. रुईकडं बघून "मोतियावर आमसुली," तरवडाकडं बघून "हळदी, पण काठाला लिंबोणी." मी म्हणायचो, "साडूभाऊ, हे झुडूप हाय, ठाण नाय." पण तुम्हाला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, ती आता सांगतो. आता वावरातून जाताना माझ्याही मनात तसंच येतं. परवा बांधावर रुईला फूल दिसलं आणि मी एकटाच मोठ्यानं म्हणालो, "मोतियावर आमसुली." गडी म्हणाला, "काय म्हनला, आबा?" मी म्हणालो, "काय नाय."

गावात लाईट आली तेव्हाचं आठवतं? माळावरूनच तारा गेल्या आणि ऐन मध्यात खांब उभा राहिला. मला त्याचा कोण अभिमान. तुम्ही नवं चित्र दाखवलंत तर त्यात खांबच नाही.

"खांब कुठंय?"

"मी फुलं काढतो, लाईट नाय."

"वा! लोकांनी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले तवा खांब आला. तुमाला तो दिसंना व्हय?"

पुढच्या सुट्टीला तुम्ही एक चित्र आणलंत. मधोमध खांब, पानभर उंच, तारा बांधायचे चिनीमातीचे पांढरे घट्टू असे घोटून काढलेले की चमकतील. आणि खांबाच्या बुडाशी तरवडाचं एक पिवळं फूल. "घ्या," म्हणालात, "तुमचा खांब." ते चित्र आमच्या पडवीत आहे. आलेला प्रत्येक माणूस आधी खांब बघतो, मग फूल. तुम्ही मला हरवलंत की मी तुम्हाला, हे ठरलं नाही ते नाहीच.

विकलं म्हणाल तर तुम्ही एकही चित्र विकलं नाहीत. कुणी मागितलं तर देऊन टाकायचा. एक मात्र मालकांच्या परवानगीनं दुकानात गल्ल्याच्या मागं लावलं होतं, पळसाचं. त्याची ती गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की ती आता माझी झाली आहे. एक बाई लग्नाच्या बस्त्याला आल्या, वैजापूरकडच्या. तुम्ही साड्यांचा ढीग लावला आणि त्यांची नजर काही साडीवर ठरेना. शेवटी भिंतीकडं बोट करून म्हणाल्या, "त्या फुलाच्या रंगाचं दाखवा." तुम्ही एक एक करून सगळं कपाट उतरवलं. केशरी दाखवलं, शेंदरी दाखवलं, डाळिंबी दाखवलं. "नाय," त्या म्हणायच्या, "त्यो नाय." मालक वैतागले. गिऱ्हाईक हात हलवत गेलं. आणि तुम्ही त्या दिवशी दुकान बंद झाल्याबरोबर पेढे घेऊन घरी. अक्कांनी विचारलं, "आज काय खपलं एवढं?" तुम्ही म्हणालात, "काहीच नाय खपलं." मला ही गोष्ट सांगताना तुमचे डोळे दर वेळी भरायचे आणि तुम्ही म्हणायचा, उन्हानं आलं.

मग दिवस बदलले. चिकलठाण्याचे कारखाने करमाडच्या दिशेनं सरकत आले. तुमच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहाचा कप वाजायला लागला, मग ब्रश. तरी तुम्ही येत होता. आमचा पोरगा सुरेश तुम्हाला फाट्यावरून मोटारसायकलवर आणायचा. हात थरथरायचा, पाकळीची कड काही केल्या जागेवर येईना. मग तुम्ही कडा सोडून दिल्या. रंगाचे नुसते ठिपके पडायचे, एकमेकांत मिसळायचे, पण लांबून बघितलं की उन्हात हलणारा तरवड दिसायचा. मी म्हणालो, "साडूभाऊ, आजवरच्या समद्यांत हे चांगलं."

तुम्ही चिडलात. "उगा बरं वाटावं म्हणून बोलू नका. ही चित्रं माझी नाय. ह्या रोगाची हायेत."

"रोगाला एवढी फुलं येतात व्हय?"

तुम्ही फळी पिशवीत घातली आणि चालायला लागलात. पण मी बरं वाटावं म्हणून बोललो नव्हतो. तुम्ही निरोगी हातानं फुलं काढलीत ती थांबलेली होती. ही वाऱ्यावर होती. तुमच्या हाताला जे झालं ते झाडाला वाऱ्यानं रोज होतंच. हे मला तेव्हा असं नीट सांगता आलं नाही. आता सांगतोय तर तुम्ही उलट उत्तर द्यायला नाहीत. त्यामुळं ह्या भांडणात मी जिंकलो असं समजायला हरकत नाही. पण असं जिंकण्यात काही चव नाही.

आणि मुरमाचं. रस्त्याच्या कामाला मुरूम पाहिजे म्हणून एक ठेकेदार सुरेशला भेटला. माळ पोखरून न्यायचा, पैसे रोख. सुरेशला जुना का होईना ट्रॅक्टर घ्यायचा होता, आणि त्याचं चूक नव्हतं. मी नाही म्हणालो. घरात धुसफूस झाली. सुरेश तडक तुमच्याकडं गेला, तुम्ही मला समजवाल म्हणून. आणि तुम्ही खरंच आलात समजवायला. अंगात ताप असताना. माझ्या पडवीत, त्या खांबाच्या चित्राखाली बसून म्हणालात, "विका, किसनराव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"मुरूम विका. पोराला ट्रॅक्टर होईल. मी आता येत बी नाय. माझ्यासाठी तुकडा अडवून ठेवू नका."

"तुमच्यासाठी कोण ठेवतंय?" मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी दुसरीकडं. इंदू आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मग तुम्ही हळूच म्हणालात, "तण हाय ते समदं."

"असंल. माझ्या वावरात हाय."

तुम्ही हसायला लागलात. हसता हसता खोकला आला, पाणी आणावं लागलं. तुमचं म्हणणं तरीही कायम होतं. खोदलेल्या मुरमावर पहिल्या सालातच तरवड उगवतो, फुलं काही कुठं जात नाहीत, वगैरे. मी हरलो नाही. सुरेशचा ट्रॅक्टर पुढं सोयाबीनवर झाला, उशिरानं. आता तो स्वतःच माळाच्या कडेनं वळसा घालून नेतो.

तुम्ही गेलात ते असेच, दुपारचे जरा पडलात आणि उठला नाहीत. फाल्गुन होता, माळावर रिंगणी फुललेली होती. निरोप आला तेव्हा मी विहिरीवर होतो. रडू आलं, पण खोटं कशाला बोलू, त्याआधी मनात आलं ते असं की ऐन हंगामात गेला हा माणूस.

गोडजेवण झाल्यावर इंदूनं अक्कांना आमच्याकडं आणलं. नवरा गेल्यावर बहिणीनं बहिणीला चार दिवस आपल्या घरी न्यावं, ही रीतच आहे. अक्का करमाडला लग्नाकार्याला कितीदा आल्या असतील, पण माळावर कधी आल्या नव्हत्या. उन्हात कशाला जायचं म्हणून. दोन दिवस त्या पडवीतच बसून होत्या. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मला म्हणाल्या, "भावजी, मला तिथं न्या."

"कुठं?"

"हे बसायचे तिथं."

मी म्हणालो, ऊन उतरू द्या, सांजच्याला जाऊ. "नाय," त्या म्हणाल्या, "हे दुपारचे बसायचे ना? मग दुपारीच." इंदूनं छत्री घेतली. सुरेशनं गाडी काढली, बांधापर्यंत सोडलं. तिथून आम्ही तिघं चालत चढलो. अक्का मध्येमध्ये थांबायच्या, गुडघा दाबायच्या, पुन्हा चालायच्या.

माळावर पोचलो. मी म्हणालो, "हे बघा. हा साडूभाऊंचा माळ."

अक्कांनी चष्मा पुसला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तांबडा मुरूम, चार झुडपं, तारा, लांब कारखान्याचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. त्या म्हणाल्या, "कुठंय?"

"हेच की, अक्का."

"हेवढंच व्हय?"

"एवढंच."

साडूभाऊ, त्यांच्या घरच्या भिंतींवर तुमची फुलं लागलेली. न्हाणीघराच्या दारापासून देवघरापर्यंत. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, करमाडला डोंगराच्या कुशीत कुठंतरी भलं मोठं रान आहे, ताटाताटाएवढ्या फुलांनी भरलेलं, आणि नवरा सुट्टी आली की तिकडं पळतो ते काही उगीच नाही. त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, इंदूच्या खांद्याला धरून हसल्या. "अगं, हेवढ्यासाठी! हेवढ्यासाठी मी जल्मभर डबे घासले!" इंदूही हसायला लागली. मग दोघी रडल्या. मी तोंड फिरवून तारांकडं बघत उभा राहिलो.

जरा वेळानं अक्का म्हणाल्या, "कुठल्या अंगाला तोंड करून बसायचे?"

मी जागा दाखवली. माझं उपरणं अंथरलं. त्या बसल्या. पायाशीच रिंगणी होती, तिच्यावर दोन फुलं. अक्का वाकून बघायला लागल्या. इंदूनं त्यांच्यावर छत्री धरली, तर त्यांनी हातानं ती बाजूला सारली. मी वाट बघितली. पाय भाजत होते. हिवराखाली थोडी सावली होती, तिथं जाऊन मी हाक मारली, "अक्का, ऊन लागंल. हितं सावलीला या."

त्यांनी मान वर केली नाही. एक बोट त्या जांभळ्या फुलाशेजारी धरलं होतं, त्याला न लागेल असं.

"थांबा की," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठं दिसाया लागलंय."